आधी आत्मकथन की आधी विचार? सीमाभागातल्या वाचकासाठी काही पुस्तकांची तुलना

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी. थंडी पडली की बेळगाव परिसरातल्या कुठल्या ना कुठल्या गावात मराठी साहित्य संमेलन भरतं. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांची टेबलं. त्या टेबलांपाशी हल्ली विशी-पंचविशीतली मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात: जात, बाईपण, हक्क, चळवळ यांबद्दल वाचायचंय, पण कादंबरी नको. सुरुवात कुठून करू? खिशात एक-दोन पुस्तकांपुरते पैसे असतात आणि घरात या विषयावर बोलायला बहुधा कोणी नसतं. पहिलं पुस्तक चुकलं तर दुसरं हातात येत नाही, म्हणून ही तुलना.

निवडीची माझी कसोटी आधीच सांगतो. सीमाभागात वाढलेल्या मराठी मुलाला अन्यायाची एक जाणीव वारशानंच मिळते. मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १७ जानेवारीचं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, न कळणाऱ्या भाषेत घरी आलेली सरकारी नोटीस. त्यामुळे अन्यायाबद्दलचं कुठलंही पुस्तक उघडताना तो आधीच सोसणाऱ्यांच्या बाजूला बसलेला असतो. ही त्याची ताकद आहे. ज्यानं ते भोगलंय त्याला हक्क म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्यामुळेच एक धोकाही आहे: अन्याय करणारा कायम भाषेच्या पलीकडचा वाटतो आणि आपल्याच गल्लीत कोणाला कुठपर्यंत आत घेतलं जातं याकडे लक्ष जात नाही. म्हणून जे पुस्तक ही ताकद वापरून आपल्या गल्लीकडेही बघायला लावेल, ते मी वर ठेवतो.

बेबीताई कांबळे की डॉ. आंबेडकर

खरी निवड दोन प्रकारांत असते: एका बाजूला आत्मकथन, दुसऱ्या बाजूला वैचारिक लेखन. दोन्हीकडचं एकेक पुस्तक समोर ठेवू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

‘जिणं आमुचं’ हे बेबीताई कांबळे यांचं पुस्तक. आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तकरूपानं निघालं. बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवत. मालाच्या पुड्या बांधायला जी रद्दी येई, ती त्या वाचून काढत आणि वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेल्या वह्या मात्र वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवल्या होत्या. पुस्तकात ‘मी’ फार कमी आहे, बहुतेक ठिकाणी ‘आम्ही’ आहे: महारवाड्यातल्या बायका, त्यांची भूक, त्यांची बाळंतपणं, अंगात येणं, आणि बाबासाहेबांच्या चळवळीनं उठून उभा राहिलेला समाज. एक जागा मनातून जात नाही. सासर सोडून पळालेल्या कोवळ्या सुनेला पकडून आणत आणि तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवत. तो ओढत ती घरातली कामं करायची. बेबीताईंनी हे गावातल्या सवर्णांबद्दल लिहिलेलं नाही, स्वतःच्या वस्तीबद्दल लिहिलंय. ज्या समाजावर अन्याय होतो त्याच्या आतही अन्याय असतो, हे त्या कुणाची भीडमुर्वत न ठेवता सांगतात आणि तरीही आपल्या माणसांची बाजू सोडत नाहीत. सीमाभागातल्या वाचकासाठी यापेक्षा मोलाची दुसरी गोष्ट मला सुचत नाही.

दुसरीकडे बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठीत त्याचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ आणि अशा इतर नावांनी एकाहून अधिक अनुवाद मिळतात. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषण आगाऊ वाचल्यावर मंडळातल्यांना काही भाग झेपेना, ते काटछाट मागू लागले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद बारगळली आणि भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. युक्तिवाद थोडक्यात असा: जात ही कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. सहभोजनं करून ती जाणार नाही. जातिबाहेर लग्नं हा खरा उपाय, पण ती होत नाहीत कारण लोक शास्त्रांना पवित्र मानतात. म्हणून घाव तिथे घालावा लागेल. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये घेतलेले आक्षेप आणि बाबासाहेबांचं उत्तर दोन्ही जोडलेलं आहे. विकत घेताना हे परिशिष्ट असलेला अनुवादच घ्या. दोन्ही बाजू एकाच पुस्तकात, त्यांच्या-त्यांच्या शब्दांत वाचायला मिळणं हे दुर्मीळ आहे, आणि नेमकं तेच वगळून छापलेल्या पातळ आवृत्त्याही बाजारात आहेत. सुरुवातीचा मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही गाळू नका. आमंत्रण देणारी सुधारणावादी संस्था ऐनवेळी कशी कचरते हे ज्याला चळवळीत काम करायचंय त्यानं आधी पाहून ठेवावं.

आता तुलना. ‘जिणं आमुचं’ वाचायला आधी काही माहीत असावं लागत नाही. भाषा फलटणकडची, बोलीतली. खानापूर-चिकोडीकडच्या ग्रामीण वाचकाला ती पटकन जवळची वाटते, इंग्रजी माध्यमातून शिकलेल्याला पहिली काही पानं जड जातात. ‘विध्वंसन’ची भाषा सरळ आहे, पण श्रुती, स्मृती, चातुर्वर्ण्य, आर्यसमाज यांची थोडी तोंडओळख लागते. आत्मकथनात धोका असा की वाचक रडतो आणि मिटून ठेवतो: ‘ते तिकडचं, त्या काळचं.’ वैचारिक पुस्तकात धोका असा की दोन-चार वाक्यं पाठ होतात, १४ एप्रिलच्या भाषणात वापरली जातात, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळाच राहतो. आपल्याकडे पहिला धोका मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ‘ते तिकडचं’ म्हणायची सवय आपल्याला सीमेनंच लावली आहे.

म्हणून एकट्यानं वाचणाऱ्यानं सुरुवात ‘जिणं आमुचं’नं करावी, पण त्यानंतर फार दिवस न जाऊ देता ‘विध्वंसन’ हातात घ्यावं. तालमीत, मंडळात किंवा वाचनालयात चार जण जमून वाचणार असतील तर उलटं: ‘विध्वंसन’ आधी. ते छोट्या-छोट्या भागांत विभागलेलं आहे, एका बैठकीत दोन-तीन भाग होतात आणि प्रत्येक भागावर वाद घालता येतो. आत्मकथनावर वाद घालायला लोक संकोचतात, आणि तो संकोच योग्यच आहे.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात. ‘बलुतं’ शहर आणि गाव दोन्ही दाखवतं, लेखक स्वतःलाही सोडत नाही. ‘उपरा’ कैकाडी समाजातल्या, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुलाचं आहे. ज्यांच्या गावाबाहेर अजूनही पालं पडतात त्यांनी ‘उपरा’ आधी घ्यावं.

भाषेचा प्रश्न: दोन पुस्तकं, आणि ती एकत्रच

सीमाप्रश्नावर आज सहज सुचवलं जाणारं पुस्तक म्हणजे डॉ. दीपक पवार यांनी संपादित केलेलं ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प’. महाराष्ट्र शासनानं ते जानेवारी २०२१ मध्ये प्रकाशित केलं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला देण्याची आणि बेळगाव शहर कर्नाटकात ठेवण्याची शिफारस, महाराष्ट्राचा नकार, ८६५ गावांवरचा दावा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला: हा सगळा पट ज्याला एका जागी हवाय त्याला संदर्भ म्हणून ते उपयोगी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ही नावं आणि आकडे सतत येतात, पण क्रमानं कोणी सांगत नाही. तो क्रम लावायचा असेल तर हे ठेवा. मात्र एक भान हवं: हे एका बाजूच्या शासनानं काढलेलं पुस्तक आहे. बाजू माझीही तीच आहे, तरीही ते भान सोडू नये.

याच विषयावर बाबासाहेबांची एक पुस्तिका आहे, ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’, डिसेंबर १९५५ ची, राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर लगेच लिहिलेली. सीमाभागातल्या घरांत ती फारशी दिसत नाही याची मला खंत आहे. बाबासाहेब भाषिक राज्यांच्या विरुद्ध नव्हते. एका राज्यात एक भाषा असली तर लोकशाही नीट चालते आणि तेढ कमी होते, हे त्यांना मान्य होतं. पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं. महाराष्ट्राचेही चार भाग करावेत असं त्यांनी सुचवलं होतं. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा प्रश्न: भाषेच्या नावानं राज्य झालं की त्या भाषेतल्या सगळ्यात मोठ्या जातीचं राज्य होतं, मग गावात दोन-चार घरं असलेल्या जातींनी कोणाकडे बघायचं? आंध्र, पंजाब आणि महाराष्ट्र अशी नावं घेऊन त्यांनी हे मांडलंय.

हा प्रश्न आपल्या चळवळीला विचारून बघा. मराठीसाठीच्या मोर्चात गावातली सगळी घरं होती का? होती तर व्यासपीठावर कोण होतं, आणि सतरंज्या कोणी घातल्या? मराठी शाळा वाचवा म्हणताना त्या शाळेत आज प्रत्यक्षात कोणाची मुलं शिकतात? बाबासाहेबांचं वाचून सीमाप्रश्नावरचा माझा विश्वास तसूभरही कमी झाला नाही. मराठीतून शिकण्याचा, मराठीतून कागद मिळण्याचा हक्क हा हक्कच आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेले अनुच्छेद ३५०क आणि ३५०ख, म्हणजे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं मुळातून वाचले पाहिजेत. दहा मिनिटांचं काम आहे. पण हक्क मागणाऱ्या ‘आम्ही’मध्ये कोण-कोण आहे हे विचारायला ही पुस्तिका शिकवते.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर? शाळा-कॉलेजातल्या मुलानं आधी बाबासाहेबांची पुस्तिका वाचावी, कारण ती छोटी आहे आणि प्रश्न विचारायला लावते. ज्याला अर्ज करायचेत, निवेदनं द्यायचीत, सभेत आकडे सांगायचेत त्यानं ‘संघर्ष आणि संकल्प’ घ्यावं.

कन्नडकडची बाजू

सीमाभागातल्या मराठी वाचकाला एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त मिळाली आहे: त्याला कन्नड वाचता येतं, निदान शाळेपुरतं. अन्यायाची पुस्तकं वाचताना ती वापरायची नाही तर कधी वापरायची? महाराष्ट्रात दलित पँथर उभी राहिली १९७२ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी कर्नाटकात मंत्री बसवलिंगप्पा यांनी कन्नडमधलं बरंचसं साहित्य भुसा आहे असं म्हटल्यावर मोठं वादळ उठलं आणि तिथल्या दलित चळवळीला, दलित संघर्ष समितीच्या उभारणीला जोर आला. दोन्हीकडे एकाच काळात एकच आग होती आणि आपण मधोमध राहून एकाच बाजूची धग घेतली.

कन्नडमध्ये निवड करायची तर अरविंद मालगत्ती यांचं ‘गव्हर्नमेंट ब्राह्मण’ आणि सिद्धलिंगय्या यांचं ‘ऊरु केरी’. मालगत्ती मुद्देबिहाळकडचे, म्हणजे शेजारच्याच विजयपूर जिल्ह्यातले. उत्तर कर्नाटकातलं गाव, शाळा, विहीर, वसतिगृह, हे सगळं आपल्या अथणी-गोकाकच्या वाचकाला ओळखीचं वाटतं. सिद्धलिंगय्या बंगळूरकडचे, चळवळीतले मोठे कवी. त्यांचं गद्य हलकं आहे, दुःख सांगतानाही ते हसतात. कन्नड अडखळत वाचणाऱ्यानं ‘ऊरु केरी’ आधी घ्यावं. आशयाच्या जवळिकीसाठी मात्र मालगत्ती. दोन्ही इंग्रजीतही आहेत, पण शक्य असेल तर कन्नडमधूनच वाचा. ज्या भाषेत आपल्याला दुखावलं गेलं असं आपण म्हणतो त्याच भाषेत कोणीतरी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दुखावलं गेलंय, हे त्यांच्याच शब्दांत समजलं पाहिजे.

ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी

उर्मिला पवार यांची दोन पुस्तकं नेहमी एकत्र सुचवली जातात. ‘आयदान’ (२००३) हे त्यांचं आत्मकथन: कोकणातलं बालपण, मुंबईतली नोकरी, संसार, स्त्रीवादी आणि दलित चळवळीतलं काम. ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे मीनाक्षी मून यांच्याबरोबर लिहिलेलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेणारं. वाचनाचा आनंद ‘आयदान’मध्ये जास्त आहे, यात शंका नाही. तरी बचत गट चालवणाऱ्या, गावात काम करणाऱ्या बाईनं दुसरं घ्यावं असं मी आग्रहानं सांगेन, कारण त्यात एक पद्धत आहे. परिषदांच्या बातम्या आणि ठराव शोधायचे, त्यात आलेली नावं टिपायची, त्या म्हाताऱ्या बायकांची घरं शोधत जायचं, समोर बसून त्यांना बोलतं करायचं आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवायचं. हे कोणालाही करता येतं.

निपाणीत तर हे आजच करायला हवं. १९२५ च्या एप्रिलमध्ये प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी बाबासाहेब निपाणीला आले होते. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठिय्या दिला, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका संघटित होत होत्या, आणि त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. शेतकऱ्यांच्या आंदोलनाची आठवण निपाणीत अजून सगळ्यांना आहे. वखारीत धूळ खात तंबाखू चाळणाऱ्या बायकांची नावं किती जणांना सांगता येतील? त्या आता सत्तरी-ऐंशीत असतील. पवार आणि मून यांचं पुस्तक वाचून कोणी वही-पेन घेऊन त्यांच्या दारात गेलं, तर ते वाचन सार्थकी लागलं असं मी म्हणेन. वाचायला नाखूश गटानं आधी हा माहितीपट शोधून बघावा. पुस्तकाची भूक त्यानंतर आपोआप लागते.

देवदासी प्रथेवरच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यातली. कर्नाटकानं १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. या विषयावर बाहेरून येऊन लिहिलेलं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं नुसत्या कुतूहलानं लिहिलेलं आहे. पुस्तक उघडून एवढंच बघा: त्या बायका स्वतः बोलतात का, की त्यांच्याबद्दल दुसरंच कोणी बोलतंय?

गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) ही पुस्तिका मी वेगळी ठेवली आहे. ती सामाजिक न्यायाच्या यादीत सहसा येत नाही. पण ज्या गावाच्या वेशीवर महाराजांचा पुतळा आहे, आणि आपल्याकडे असं नसलेलं गाव शोधावं लागेल, तिथे गट सुरू करायला यापेक्षा चांगलं दार नाही. महाराजांचं रयतेशी, शेतीशी, स्त्रियांशी, मुसलमानांशी वागणं कसं होतं हे ती साध्या भाषणाच्या ओघात सांगते. कुठल्याही तरुणाला ‘जातीवर पुस्तक वाचू या’ म्हटलं तर तो बिचकतो, ही पुस्तिका दिली तर एका रात्रीत वाचून येतो. पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांचा खून झाला. लिहिण्या-बोलण्याची ही किंमत आपल्या दोन्ही हाताशी असलेल्या शहरांत मोजली गेली आहे.

कुठून आणि कशी

इंग्रजी सोपं जाणाऱ्यांसाठी: महाराष्ट्र शासनानं काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी मालिकेतला पहिला खंड (१९७९, संपादक वसंत मून). ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि भाषिक राज्यांवरची पुस्तिका दोन्ही त्यात आहेत, आणि सरकारी संकेतस्थळावरून तो मोफत उतरवता येतो. फोनवर वाचणं डोळ्यांना त्रासाचं, म्हणून हवी ती पानं छापून घेऊन शिवून घ्या. शहरात इंग्रजी माध्यमात वाढलेल्या, आडनाव सांगताना चाचरणाऱ्या मुलांसाठी याशिका दत्त यांचं ‘कमिंग आउट अ‍ॅज दलित’ (२०१९) ‘जिणं आमुचं’पेक्षा जवळचं ठरेल. ते लपवलेल्या जातीचं आणि ती उघड सांगण्याचं पुस्तक आहे.

मराठी पुस्तकांसाठी आधी वाचनालय बघा, मागणी नोंदवा. मागणी आली तर पुढच्या खरेदीत नाव येतं. विकत घ्यायची तर कोल्हापूरला जाणं होतंच, आणि कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जात असेल तर त्यांच्याकडे यादी द्या. तिथल्या स्टॉलवर ही पुस्तकं हमखास असतात.

शिक्षकांसाठी एक वेगळी शिफारस. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचा ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. काही पानांचाच आहे, एका तासिकेत मोठ्यानं वाचून चर्चाही होते. आठवी-नववीच्या वर्गात घेणार असाल तर लेखिका तेव्हा चौदा वर्षांची होती हे आधी सांगू नका. मुलांना वाचू द्या, भांडू द्या, मग सांगा.